फिलिपिन्समधील पहिला नाताळ : परदेशी सेवेला निघालेल्या तरुण मिशनऱ्यासाठी मार्गदर्शन

फिलिपिन्समध्ये नाताळ १ सप्टेंबरला सुरू होतो, ही गोष्ट तिथे सेवेसाठी निघालेल्या प्रत्येक तरुण ब्रदरने, सिस्टरने किंवा प्रापंचिक सेवकाने विमानात बसण्यापूर्वीच मनाशी पक्की करावी. सप्टेंबर उजाडला की दुकानांतून नाताळगीते वाजू लागतात, ऑक्टोबरमध्ये रस्त्याकडेला बांबू आणि रंगीत कागदाच्या ताऱ्यांची विक्री सुरू होते आणि डिसेंबर येईपर्यंत प्रत्येक गल्लीत 'पारोल' नावाचे ते तारे लुकलुकत असतात. वसईच्या किंवा गोव्याच्या मुलाला तारा नवा नाही, परंतु चार महिने चालणारा उत्सव नवा आहे, आणि त्याची तयारी नसली तर खरा सण येईपर्यंत माणूस थकून गेलेला असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, या देशाला नाताळ आपण शिकवायचा नसतो. २०२० च्या जनगणनेनुसार तिथले ७८.८ टक्के लोक रोमन कॅथलिक आहेत, आणि तिथल्या पहिल्या मिस्सेची, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीची, तारीख ३१ मार्च १५२१ अशी सांगितली जाते. आपल्याकडून निघताना निरोपाच्या मिस्सेत 'देण्या'विषयी बरेच बोलले जाते. घेण्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. माझ्या मते परदेशातल्या पहिल्या नाताळात तरुण मिशनऱ्याचे मुख्य काम नीट पाहुणा होणे हेच असते. बोलावले तिथे जावे, दिले ते खावे, सांगितले ते गावे आणि योजना आखण्याची घाई पुढच्या वर्षासाठी ठेवावी. पुढे दिलेल्या बहुतेक सूचना याच एका मुद्द्यातून निघालेल्या आहेत.

वसईकरांना या वाटेवर एक जुना सोबती आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. ते जपानमध्ये व्यापारानिमित्त राहिले आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन धर्मसंघात बंधू म्हणून दाखल झाले. त्यांना जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे १५९३ मध्ये संघाने त्यांना दुभाषी म्हणून पुन्हा जपानला पाठवले. डिसेंबर १५९६ मध्ये ते आणि त्यांचे सोबती अटकेत पडले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मारण्यात आले, म्हणजे त्यांचा शेवटचा नाताळ पहाऱ्यात गेला. त्यांना उपदेशक म्हणून पाठवले नव्हते, भाषा येते म्हणून पाठवले होते, हे तरुण मिशनऱ्याने ध्यानात घ्यावे आणि तागालोगचे, किंवा सेबूकडे नेमणूक असल्यास सेबुआनोचे, धडे सणाच्या गडबडीतही चुकवू नयेत.

नोव्हेंबर संपण्यापूर्वी

कागदपत्रे आधी पाहावीत. ३० नोव्हेंबर, ८ डिसेंबर, २५ डिसेंबर, ३० डिसेंबर, ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी हे सुट्ट्यांचे दिवस आहेत, आणि मधल्या दिवसांतही सरकारी कचेऱ्यांचे लक्ष कामापेक्षा वर्षअखेरीच्या समारंभाकडे अधिक असते. व्हिसाची मुदतवाढ डिसेंबर किंवा जानेवारीत येत असेल, तर अर्ज ऑक्टोबरमध्येच आपल्या धर्मसंघाच्या कार्यालयाकडे द्यावा, नाहीतर ऐन सणात पासपोर्ट इमिग्रेशनच्या कचेरीत आणि आपण घरात अशी स्थिती होते. परदेशी रहिवाशांना मिळणारे नोंदणी कार्ड आणि पासपोर्ट यांच्या छायाप्रती वेगळ्या ठेवाव्यात, तसेच मनिलातील भारतीय दूतावासात आपली नोंद करून ठेवावी.

पैशाचा विचारही याच वेळी करावा. त्या देशात १९७५ च्या एका आदेशानुसार नोकरदारांना तेराव्या महिन्याचा पगार २४ डिसेंबरपर्यंत द्यावा लागतो, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यात बाजारात जी गर्दी उसळते तिची कल्पना दादरच्या दिवाळीवरूनच करता येईल. मनिलाच्या दिविसोरिया बाजारात त्या दिवसांत पाठीवरची पिशवी पोटाशी घेऊन चालावे लागते. भेटवस्तू घ्यायच्याच असतील तर नोव्हेंबरमध्ये घ्याव्यात. त्याचबरोबर पाच, दहा आणि वीस पेसोंची नाणी साठवून ठेवावीत. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

भारतातून निघताना सामानात काय न्यावे, असे बरेच जण विचारतात. प्रवासाहून येणाऱ्याने काहीतरी आणावे अशी तिथे रीतच आहे, म्हणून लहान, न फुटणाऱ्या आणि सर्वांना वाटता येतील अशा वस्तू न्याव्यात. धर्मग्रामातल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या, चार घरांना मोठी भेट आणि बाकीच्यांना काहीच नाही, असे कधीही करू नये, कारण ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या वस्तीला कळलेली असते. एक वस्तू मात्र मी आवर्जून सुचवेन, ती म्हणजे टाळांची जोडी. वर्षअखेरीच्या स्नेहसंमेलनात प्रत्येक गटाला गाणे किंवा नाच सादर करावा लागतो आणि परदेशी पाहुण्याला त्यातून सूट मिळत नाही. अशा वेळी मराठी भजनाची दोन कडवी टाळांच्या ठेक्यावर म्हटली, तर सभागृह टाळ्यांनी साथ देते आणि कराओकेच्या यंत्रासमोर अनोळखी इंग्रजी गाणे ओढून म्हणण्याची वेळ टळते.

पहाटेच्या नऊ मिस्सा

या सणाचा गाभा १६ ते २४ डिसेंबर या नऊ पहाटेंमध्ये आहे. 'सिम्बांग गाबी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिस्सा पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान सुरू होतात, कारण स्पॅनिश काळात शेतकऱ्यांना उजाडण्यापूर्वी देवळात येऊन मग शेतावर जाता यावे अशी सोय करण्यात आली होती. आता शेते कमी झाली असली तरी वेळ तीच राहिली आहे. शहरांत नोकरदारांसाठी आदल्या संध्याकाळीही मिस्सा होतात, परंतु नवख्या मिशनऱ्याने शक्य असेल तर पहाटेचीच वेळ निवडावी. आपल्या धर्मग्रामात आगमनकाळातल्या जांभळ्या वस्त्रांची सवय झालेल्याला या मिस्सांत धर्मगुरू पांढऱ्या वस्त्रांत दिसतात आणि आगमनकाळात एरवी न गायला जाणारा 'ग्लोरिया' हा स्तुतिस्तोत्राचा भाग गायला जातो. ही तिथल्या चर्चला मिळालेली खास मोकळीक आहे, तेव्हा धर्मगुरूची चूक समजून ती दाखवायला जाऊ नये.

नऊ पहाटे पार पाडण्यासाठी दिनक्रम बदलावा लागतो. रात्री नऊच्या आत झोपावे, दुपारी अर्धा तास आडवे व्हावे आणि भाषेचा वर्ग सकाळी उशिरा ठेवून घ्यावा. जागेसाठी किमान अर्धा तास आधी पोहोचावे लागते, आणि तरीही बहुधा बाहेर अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर किंवा उभ्यानेच मिस्सा ऐकावी लागते. ईशान्य मोसमी वाऱ्यामुळे पहाटे हवेत गारवा असतो आणि बागिओसारख्या डोंगरी गावात चांगली थंडी असते, म्हणून एखादा स्वेटर जवळ ठेवावा. नऊही मिस्सा पूर्ण केल्या की मनातली इच्छा पुरी होते, असा तिथे समज आहे. त्यावर प्रवचन देण्याचा मोह नव्या मिशनऱ्याला हमखास होतो. तो आवरावा. शेजारी बसलेल्या आजीबाई नातवाच्या नोकरीसाठी नऊ दिवस पहाटे तीनला उठत असतील, तर तिच्या भक्तीची चिकित्सा करण्याचा अधिकार निदान पहिल्या वर्षी तरी आपल्याला नसतो.

मिस्सेनंतर लगेच घरी पळू नये, कारण ओळखी देवळाबाहेरच्या ठेल्यांवर होतात. मातीच्या भांड्यात केळीचे पान अंथरून त्यावर तांदळाच्या पिठाचे मिश्रण ओततात आणि वर-खाली निखारे ठेवून ते भाजतात. पान कडांनी करपू लागले की वास येतो, मग वर खारवलेल्या अंड्याच्या चकत्या, चीज आणि खोवलेले खोबरे घालतात. ही 'बिबिंग्का'. नाव ऐकून गोव्याचा थरांचा बेबिंका डोळ्यांपुढे आणणाऱ्याची फसगत होते, हा प्रकार आपल्या जाड घावनाच्या अधिक जवळचा आहे. शेजारच्या ठेल्यावर जांभळट चिकट तांदळाचे पीठ बांबूच्या नळ्यांत भरून उकडतात, नळी आपटून ते केळीच्या पानावर पाडतात आणि त्यावर लोणी, काळसर साखर व खोबरे घालतात. त्याला 'पुतो बुम्बोंग' म्हणतात. सोबत आल्याचा गरम काढा मिळतो, तो घशाला फार बरा. ठेल्याभोवती उभे राहून कागदाच्या पेल्यातून हा काढा पिताना जितकी नावे आणि नाती कळतात, तितकी धर्मग्रामाच्या नोंदवहीतून महिनाभरात कळत नाहीत.

प्रॉटेस्टंट मंडळीकडून गेलेल्या तरुणाला या मिस्सा बंधनकारक नाहीत हे उघडच आहे. तरीही शेजाऱ्याने बोलावले असता एका पहाटे मागच्या बाकावर शांतपणे बसायला हरकत नसावी. अर्थात त्यापूर्वी आपल्या पाळकांना विचारून घ्यावे, म्हणजे मागाहून खुलासे करावे लागत नाहीत.

दारोदार जाताना

भारतीय चेहऱ्याच्या मिशनऱ्याला तिथे एक वेगळीच अडचण येते आणि तिच्याविषयी निघण्यापूर्वी कोणीच सांगत नाही. तिथल्या वस्त्यांत मोटारसायकलवरून फिरून दररोजच्या हप्त्याने कर्ज देणारे भारतीय सावकार अनेक पिढ्यांपासून परिचित आहेत. त्यांना 'बुम्बाय' म्हणतात, आणि हट्टी मुलाला 'बुम्बाय घेऊन जाईल' अशी भीतीही घालतात. त्यामुळे खांद्याला पिशवी लावून एकटाच दारे ठोठावणारा भारतीय तरुण दिसला की काही घरांची दारे मुकाट्याने लागतात. याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. गळ्यात दिसेल असा क्रूस घालावा, धर्मग्रामाचे ओळखपत्र लावावे आणि वस्तीतल्या युवक मंडळाच्या एखाद्या सभासदाला सोबत घेतल्याशिवाय भेटी देऊ नयेत. दोन-तीन आठवड्यांत हीच थट्टा आपुलकीची होते आणि मुले लांबूनच हाक मारू लागतात.

सगळीच घरे नाताळ पाळतात असे समजणे ही दुसरी चूक. 'इग्लेसिया नि क्रिस्तो' हा १९१४ मध्ये नोंदला गेलेला फिलिपिनो पंथ नाताळ साजरा करत नाही. यहोवाचे साक्षीदारही तो करत नाहीत, आणि मिंदानाओ बेटाच्या काही भागांत शेजार मुस्लिमांचा असतो. नाताळगीते गाणाऱ्या गटाबरोबर निघण्यापूर्वी कोणती घरे वगळायची हे स्थानिक युवकांकडून विचारून घ्यावे. त्या घरांसमोरून जाताना नुसते नमस्कारादाखल हसून पुढे जावे, दारात उभे राहून गाऊ नये. वादविवाद जिंकण्याची हौस असलेल्यांना हे भेकडपणाचे वाटेल, पण शेजारधर्म सांभाळणे हाही धर्मच आहे.

आता नाण्यांविषयी. १६ डिसेंबरपासून रोज संध्याकाळी लहान मुलांच्या टोळ्या दाराशी येऊन गातात. सोडावॉटरच्या बाटल्यांची बुचे ठोकून चपटी करून तारेत ओवलेली असतात, तीच त्यांची खंजिरी आणि पत्र्याचा डबा हाच ढोल. गाणे संपले की नाणी द्यायची. पैसे संपले असतील तर 'पातावाद पो', म्हणजे क्षमा करा, असे नम्रपणे म्हणायचे. रोज किती द्यायचे हे आपल्या घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे. एकाने वीस आणि दुसऱ्याने एक पेसो दिला, तर उदार माणसाच्या पाळीच्या दिवशी टोळ्या दुप्पट होतात आणि मुलांना हे गणित फार लवकर जमते.

वडीलधाऱ्यांना भेटताना 'मानो पो' म्हणून त्यांचा हात हलकेच आपल्या हातात घ्यावा आणि त्यांच्या बोटांची मागची बाजू आपल्या कपाळाला लावावी. आपल्याकडे वाकून नमस्कार करण्याची सवय असलेल्याला हे अवघड जात नाही. लहान मुले हेच आपल्यालाही करतील, कारण ब्रदर किंवा सिस्टर कितीही तरुण असली तरी मानाची व्यक्ती समजली जाते. वीस-बावीस वर्षांच्या मुलाला प्रथम संकोच वाटतो, परंतु हात मागे घेणे अपमानाचे ठरते.

भेटी, धर्मपिता आणि धर्ममाता

आधी चिठ्ठ्या टाकून गुप्तपणे एकमेकांना भेट देण्याची 'मोनितो-मोनिता' ही पद्धत शाळा, कचेऱ्या आणि युवक मंडळे या सर्वांत चालते. रकमेची मर्यादा ठरलेली असते आणि कधी कधी दर आठवड्याला 'काहीतरी लांब', 'काहीतरी मऊ' असा विषयही दिलेला असतो. मर्यादेपेक्षा महाग वस्तू देणे हे औदार्य नव्हे, त्याने समोरच्याची पंचाईत होते. इतर वेळी मिळालेली भेट देणाऱ्यासमोर उघडण्याची रीत नाही. आभार मानून ती बाजूला ठेवावी.

सर्वांत जपून हाताळण्याची विनंती बाप्तिस्म्याच्या धर्मपित्याची किंवा धर्ममातेची. तिथे एका मुलाला अनेक धर्मपिता आणि धर्ममाता असतात. त्यांना 'निनोंग' आणि 'निनांग' म्हणतात. नवीन परदेशी ब्रदर वस्तीत आला की डिसेंबर संपण्यापूर्वी किमान एखादी आई तरी तान्हे बाळ पुढे करून विचारतेच. हा मोठा मान आहे, आणि त्याबरोबर आयुष्यभराचे नातेही येते. नाताळच्या सकाळी नवे कपडे घालून धर्मपुत्र आणि धर्मकन्या आपापल्या निनोंगकडे येतात, कपाळाला हात लावतात आणि करकरीत नोटेची वाट पाहतात. त्यासाठी नव्या नोटा मिळाव्यात म्हणून लोक बँकांत रांगा लावतात. दोन वर्षांनी बदली होणाऱ्याने हे नाते घेतले की मुलाच्या वाट्याला बहुधा एक नाव आणि एक छायाचित्र उरते. शिवाय एका घराला हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून संघाच्या वरिष्ठांशी आधीच बोलून एक नियम ठरवून घ्यावा आणि विचारणाऱ्या आईला तो नियम पुढे करून, बाळाच्या बाप्तिस्म्याला मात्र जरूर हजर राहावे. नियम वरिष्ठांचा आहे असे सांगितले की कोणाचे मन दुखावत नाही. असे नियम असण्याचा हा एक फायदाच आहे.

मदतीच्या वाटपाविषयी दोन कठोर शब्द लिहिणे भाग आहे. तांदूळ, डबाबंद मासे आणि नूडल्स यांच्या पिशव्या या दिवसांत सगळीकडे वाटल्या जातात. अशा वाटपात रांगेतल्या मुलांची छायाचित्रे काढून भारतातल्या देणगीदारांना पाठवणे टाळावे. आईवडिलांच्या परवानगीवाचून मुलाचा चेहरा कोठेही टाकू नये, आणि पिशवीच्या बदल्यात प्रार्थनासभेला येण्याची अट तर मुळीच घालू नये. घरच्या धर्मग्रामाला वृत्तांत पाठवायचाच असेल तर पहाटेच्या मिस्सेविषयी, शिकलेल्या शब्दांविषयी आणि ज्यांनी आपल्याला जेवू घातले त्यांच्याविषयी लिहावे. 'आम्ही गरिबांना सण दिला' अशा थाटाची पत्रे वाचून आपल्याकडचे लोक फसतात आणि तिथले लोक दुखावतात.

चोवीस तारखेची रात्र

२४ डिसेंबरला पहाटे नववी मिस्सा होते. संध्याकाळी अनेक गावांत 'पानुनुलुयान' निघते, म्हणजे योसेफ आणि मरिया झालेले दोन तरुण घरोघरी आसरा मागत फिरतात आणि दारोदार नकार मिळाल्यावर शेवटी देवळात येतात. परदेशी मिशनऱ्याला यात हमखास एखादी भूमिका देतात, आणि ती बहुधा दार लावून घेणाऱ्या घरमालकाची असते. ती आनंदाने करावी.

रात्रीच्या मिस्सेनंतर 'नोचे बुएना', म्हणजे मध्यरात्रीचे जेवण असते. टेबलावर हॅम, लाल मेणाच्या आवरणातले गोल चीज, टोमॅटोऐवजी केळ्याच्या सॉसने गोडसर केलेली आणि सॉसेजचे तुकडे घातलेली स्पॅगेटी, लांबोडे तळलेले रोल, फळांचे क्रीम आणि ऐपत असल्यास भाजलेले अख्खे डुक्कर असते. तीन-चार घरांची आमंत्रणे असतात आणि प्रत्येक घरी खावे लागते. पहिल्या घरी पोटभर जेवणारा तिसऱ्या घरी अडकतो, म्हणून सगळीकडे थोडेथोडे वाढून घ्यावे. 'बुसोग पा पो आको', माझे पोट भरले आहे, हे वाक्य पाठ असावे, तरीही शेवटी एक डबा बांधून दिला जाणारच आहे आणि तो नाकारायचा नाही. जी मंडळी मांस खात नाहीत त्यांनी ही गोष्ट यजमानांना आठवडाभर आधी सांगावी, कारण भाज्यांतही डुकराचे मांस किंवा कोळंबीची चटणी घातलेली असते.

या घरांत बहुधा एक खुर्ची रिकामी असते. कोणाचा मुलगा दुबईत, कोणाची मुलगी हाँगकाँगमध्ये, कोणाचा नवरा जहाजावर असतो. कोपऱ्यात त्यांनी पाठवलेले मोठे खोके असते, टेबलावर फोन उभा करून ठेवलेला असतो आणि पलीकडून कोणीतरी जेवणाऱ्यांकडे पाहत असते. परक्या मुलाला जेवू घालताना त्या आईच्या मनात काय असते ते तिने बोलून दाखवायची गरज नसते. अशा घरी जास्त वेळ बसावे. भाषा येत नसली तरी चालते. भांडी घासायला मदत करावी आणि फोनवरच्या माणसाशी दोन शब्द बोलावेत.

स्वतःच्या घरच्या फोनचे वेळापत्रकही ठरवून ठेवावे. मनिलाचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असते. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे साडेनऊ वाजलेले असतात, आई चर्चला निघायच्या गडबडीत असते आणि बोलणे धड होत नाही. सोयीची वेळ म्हणजे २५ तारखेला तिथल्या सकाळी दहाची, आपल्याकडच्या साडेसातची. त्या वेळी दोन्हीकडची माणसे निवांत असतात. मुख्य दिवशी एकच मोठा फोन करावा. दर दोन तासांनी घरच्या ताटाचे छायाचित्र पाहत बसले की समोरच्या ताटावरून मन उडते. बऱ्याच संघांत फोनच्या वेळा ठरलेल्या असतात. त्या आईवडिलांना आधीच कळवाव्यात.

घरची आठवण २५ तारखेला फारशी येत नाही, कारण त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. ती २७-२८ तारखेला गाठते, पाहुणे गेलेले, वर्ग बंद आणि पावसाची रिपरिप अशा दुपारी. त्या दिवसांसाठी काम राखून ठेवावे. रुग्णालयातल्या किंवा तुरुंगातल्या भेटी सणाआधी सगळेच करतात, सणानंतर कोणी जात नाही, म्हणून त्या २७ नंतर ठेवाव्यात. दुसरा उपाय स्वयंपाकघरातला आहे. मैदा, साखर आणि बाजारात यंत्रावर ताजे खोवून मिळणारे खोबरे एवढ्यावर नेवऱ्या होतात. वेलची, रवा आणि आपले मसाले मनिलाच्या पाको भागात गुरुद्वाराच्या आसपासच्या भारतीय दुकानांत मिळतात. सोबतच्या सगळ्यांना करंज्यांच्या कडा दुमडायला बसवावे. पहिल्या दहा फुटतात, पण दुपार निघून जाते. आणि तरीही चार-पाच दिवस झोप लागेना किंवा प्रार्थनेत मन लागेना, तर ते वरिष्ठांना सरळ सांगावे. ही अश्रद्धा नव्हे.

वादळ आणि फटाके

डिसेंबर हा तिथे वादळांचाही महिना आहे. १६ डिसेंबर २०११ च्या रात्री कागायान दे ओरो आणि इलिगान या शहरांत आलेल्या पुरात हजाराहून अधिक माणसे गेली, २०१९ मध्ये तर ऐन २४ डिसेंबरला वादळ धडकले, आणि १६ डिसेंबर २०२१ रोजी, म्हणजे पहाटेच्या मिस्सांच्या पहिल्याच दिवशी, ओदेत्त वादळाने सिआरगाओ, सेबू आणि बोहोल उद्ध्वस्त केले. हवामान खाते १ ते ५ असे इशारे देते. आपल्या भागासाठी कोणता इशारा आहे हे रोज पाहावे आणि बारांगायने, म्हणजे वस्तीच्या स्थानिक प्रशासनाने, घर सोडायला सांगितले की वाद न घालता निघावे. पासपोर्ट, नोंदणी कार्ड, औषधे, बॅटरी, भरलेली पॉवर बँक आणि थोडी रोकड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दाराशी ठेवलेली असावी. वादळानंतर सर्वांत आधी घरी एकच संदेश पाठवावा, कारण भारतातल्या बातम्यांत संपूर्ण देशच बुडाल्यासारखा दाखवतात.

३१ डिसेंबरच्या रात्री ठिपक्यांचे कपडे, टेबलावर बारा गोल फळे आणि बारा वाजता उंच होण्यासाठी उड्या मारणारी मुले असा थाट असतो. त्यात जरूर सामील व्हावे. फटाक्यांवर २०१७ पासून निर्बंध असले तरी गल्लीबोळांत ते वाजतातच. मध्यरात्रीच्या अर्धा तास आधी आणि नंतर घरात किंवा देवळात राहावे आणि न फुटलेला फटाका उचलू पाहणाऱ्या मुलाला थांबवावे.

जानेवारीतली कामे

तीन राजांच्या सणानंतरही उत्सव पुरता ओसरत नाही. ९ जानेवारीला मनिलाच्या किआपो येथे काळ्या नाझरेनाची, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या येशूच्या काळ्या मूर्तीची, मिरवणूक निघते आणि तिसऱ्या रविवारी सेबूत बाळ येशूचा सिनुलोग हा उत्सव होतो. पहिल्या वर्षी किआपोच्या गर्दीत मूर्तीचा रथ ओढण्याच्या दोराला हात लावण्याचे धाडस करू नये, कडेला उभ्या असलेल्या स्वयंसेवकांना पाणी वाटायला मदत करावी.

ज्या ज्या घरी जेवलो त्यांची नावे डिसेंबरमध्येच वहीत टिपून ठेवलेली असावीत. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या घरी रिकाम्या हाताने का होईना, पण एकदा जाऊन यावे, आणि वडीलधाऱ्यांची नावे मिस्सेतल्या विनंत्यांत वाचली जातील असे पाहावे. त्याच सुमारास इमिग्रेशनचे एक काम असते. नोंदणी झालेल्या प्रत्येक परदेशी व्यक्तीने वर्षाच्या पहिल्या साठ दिवसांत कचेरीत जाऊन वार्षिक हजेरी नोंदवायची असते. पासपोर्ट, नोंदणी कार्ड आणि मागच्या वर्षीची पावती असल्यास ती घेऊन जानेवारीतच जावे. फेब्रुवारीच्या शेवटी रांग इमारतीबाहेर जाते.